मुरगूडचा एक तास

हे लिहायला मला विमलने भाग पाडलं. ती इचलकरंजीत आपल्या गल्लीतल्या बायकांना पोहणं, सायकल आणि पळणं शिकवते. त्यांतल्या नऊ जणी पुढच्या महिन्यात कोल्हापूर-कागल-मुरगूड-बिद्री-कोल्हापूर अशी दोन दिवसांची फेरी करणार आहेत. हीच फेरी आम्ही पाच जणींनी सत्तरीचं दशक संपता संपता केली होती. मी मार्गदर्शक होते आणि विमल सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांची. तिच्या बायकांसाठी रस्त्याचं वर्णन हवं म्हणून ती माझी जुनी वही मागायला आली, वही उघडून वाचली आणि एक वाक्य बोलली. ते ऐकल्यापासून या सहलीची हकिगत मला सरळ सांगता येत नाही. तरी वर्णन कबूल केलं आहे, तेव्हा क्रमाने सांगते.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते. शाळा सुटली की मैदानावर नोकरी करणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या काही जणी यायच्या. कोल्हापुरात दम मोजायचा तो कुस्तीत किंवा फुटबॉलमध्ये. बायकांनी लांब पल्ल्याचं पळावं, पोहावं, सायकल मारावी आणि हे तिन्ही एकापाठोपाठ करावं, ही कल्पना माझी. त्याला जगात काही नाव आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शिकवायला आधार दोन: माझं कॉलेजातलं पुस्तक आणि शेजारच्या तालमीचे वस्ताद. दोघांचं एका बाबतीत एकमत होतं. व्यायाम चालू असताना पाणी नाही, आणि संपल्यावर तासभर पाणी नाही, अन्नही नाही. "दम लागल्यावर पाणी प्यालं की छातीत भरतं, बाई," वस्ताद सांगायचे. मी तो नियम घड्याळ लावून पाळायला लावत असे.

विमलचे वडील गुळाचे अडते. जैन कुटुंब, घरात सूर्यास्तानंतर कुणी अन्नपाणी घेत नसे. तिला बाहेरगावी शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. वडिलांनी माझ्यासमोरच अट घातली: दोन दिवसांची ही फेरी पुरी करून पोरगी स्वतः सायकल चालवत बाजारात परत आली तर पाठवीन, नाही तर शिक्षण पुरे झालं. माणूस शब्दाचा पक्का होता. निघायच्या आदल्या दिवशी मी चौघींना उभं करून बजावलं की जी नियम मोडेल तिची शिफारस मी कुणाच्या घरी करणार नाही. बोलले सगळ्यांना, पण शिफारशीची गरज एकटीलाच होती.

जानेवारीतला शनिवार होता. शाळा आणि बँका अर्धा दिवस असायच्या, म्हणून सव्वाबाराला निघालो. तुम्ही असं करू नका, पहाटे निघा. सायकली भाड्याच्या, लेडीज, घंटी सोडून सगळं वाजणाऱ्या. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळलेली. मी मागे, पुढे शैला. शैला बँकेत कॅशला बसायची आणि बोलायला कुणाला भ्यायची नाही. उजळाईवाडीच्या चढावर एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, मोर्चा कसला हाय? शैला म्हणाली, "तुमच्याच बायकोनं बोलावलंय, घर दाखवा."

कागलपर्यंत हमरस्ता. आता तो किती पदरी झाला आहे याची मोजदाद मी सोडली आहे; कडेची वाट धरा. कागलला आम्ही पूर्ण तास थांबलो, मग सगळ्या पाणी प्यायल्या, दशम्या खाल्ल्या. तीन वाजत आले होते. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे लागेल. कागलहून मुरगूडचा फाटा घेतला की रस्ता बदलतो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये उसाच्या बैलगाड्या. गाडीच्या मागून जायचं नाही. सुटलेली मोळी अंगावर येते. आता ट्रॉल्या असतात, त्यांना हे दुप्पट लागू. खर्च विचारू नका, तेव्हाचे आकडे आज कुणाच्या कामाचे नाहीत.

मुरगूडला शैलाच्या मावशीकडे उतरलो. वहीत वेळ लिहिली आहे: पाच पंचवीस. हात-पाय धुवायला मागे विहीर होती. मावशीबाई दणकट आणि प्रेमळ. सहाच्या सुमाराला त्या भाकरी, वांग्याची भाजी, दही असं भरलेलं ताट घेऊन सोप्यात आल्या, मागे सून पाण्याची कळशी घेऊन. मी घड्याळ पाहिलं आणि ताट परत पाठवलं. अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत, म्हटलं. मावशी दारात थांबल्या.

"जेवायला बी शिट्टी लागती व्हय तुमच्यात?"

बाकीच्या हसल्या. मीही हसले असेन, पण ताट आत गेलं. तास भरल्यावर परत आलं तेव्हा विमल म्हणाली, मला नको, आणि भिंतीशी जाऊन बसली. मी मनात म्हटलं, हिचा आज उपवास असणार. त्यांच्यात चतुर्दशी-अष्टमीचे उपवास कडक असतात, पाणीसुद्धा चालत नाही, एवढं मला माहीत होतं. चारचौघांत कुणाच्या धर्माबद्दल विचारू नये असं मला वाटायचं, म्हणून विचारलं नाही. खरं तर मला तिचं कौतुकच वाटलं. वहीत लिहिलं: 'वि. उपवास. निग्रह चांगला.'

दुसऱ्या दिवशी उजाडताच वेदगंगेवर गेलो. पाणी गार, पण ओढ नव्हती. पलीकडे जाऊन परत. तुम्हाला करायचं असेल तर पावसाळा संपून दोन महिने झाल्याशिवाय करू नका, आणि गावातलं पोहणारं माणूस काठावर उभं करा. नदीवरून घरापर्यंत पळत आलो. विमल पहिली. त्यानंतर तास थांबायला हवं होतं, पण उशीर झाला होता. ऊन चढायच्या आत इस्पुर्लीचा चढ काढायचा होता. मी अर्ध्या तासात सगळ्यांना सायकलींवर बसवलं. आता लिहिताना दिसतं आहे ते तेव्हा दिसलं नव्हतं: तास कमी केला, पण पाण्याची बंदी मी उठवली नाही.

बिद्रीला साखर कारखान्याचा वास गावाच्या आधी येतो. गोड, थोडा जळका, कपड्यांत दोन दिवस राहणारा. फाटकाबाहेरच्या हॉटेलात वीस मिनिटं टेकलो. मी खुर्ची घेऊन चाक तपासत होते. विमल बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती, समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत. मी म्हटलं, जमेल ना? ती म्हणाली, जमेल, बाई. एवढंच बोलणं झालं.

पुढे माझ्या सायकलची चेन उतरली. मी चौघींना पुढे पाठवलं. चेन बसवून निघाले तर इस्पुर्लीच्या अलीकडे, चढावर, तिघी रस्त्यात उभ्या आणि विमल उसाच्या बांधावर आडवी. डोळे अर्धे मिटलेले, ओठांना भेगा. मी तिचे पाय वर धरले, तळवे चोळले, शैलाला ओढणीने वारा घालायला लावलं. माझ्या हँडलला एक लष्करी बाटली टांगलेली होती, अगदीच प्रसंग आला तर म्हणून घरून भरून आणलेली. ती तिथेच राहिली. मी पाय चोळत होते आणि पाणी देण्याचं माझ्या मनात आलं नाही, हे मी आज लिहून ठेवते.

शेतातून एक बाई तांब्या घेऊन आली. तिने मला बाजूला सारलं.

"आदी पानी पाजा की पोरीला. मग तुमचं काय ते करा."

विमल दोन तांबे पाणी घटाघट प्यायली. मला वाटलं, मोडला उपवास. तिला उठून सायकलवर बसायचं होतं. दोनदा बसली, दोनदा हँडल सुटलं. शेवटी कोल्हापूरच्या बाजाराला निघालेला गुळाचा ट्रक थांबवला. मागे रव्यांवर, गुळाच्या ढेपांवर, पोतं टाकून तिला बसवलं, शेजारी तिची सायकल आणि मी. तिघी सायकलींवरून आल्या. कळंब्याचा तलाव उजवीकडे होता की डावीकडे, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि वहीतही नाही. नकाशात पाहा.

ट्रक नेमका तिच्या वडिलांच्या अडतीसमोर लागला. ते गादीवरून उठले, चप्पल घातली, मुलीला हात देऊन खाली उतरवलं. मग मला म्हणाले, "बाई, पोरगी पाठवली ती सायकलवर. आली ती मालाबरोबर."

मला राग आला होता. कुणाचा ते सांगता येत नाही. मी म्हटलं, उपवास धरून कुणी अशा फेरीला येतं का? घरच्यांनी सांगायला नको? वडिलांनी विमलकडे पाहिलं. ती खाली बघत उभी राहिली. मी घरी आले.

त्या वर्षी ती कॉलेजात गेली नाही. पुढच्या वर्षी इचलकरंजीला यंत्रमागवाल्यांच्या घरात दिली. मी वहीत शेवटी लिहिलं: 'तिघी ठणठणीत. नियमाचा परिणाम. वि. उपवासामुळे पडली.' आणि नंतर प्रत्येक सहलीच्या आधी विचारू लागले, कुणाचा उपवास आहे का? ज्या हो म्हणाल्या त्यांना घरी ठेवलं. काही वर्षांनी एका शिबिरात डॉक्टरांनी पाण्याचा नियम चक्क हसून उडवून लावला. मी तो नियम मुकाट्याने सोडून दिला. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी कधी ठेवल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात विमल माझ्यासमोर बसून हे पान वाचत होती. चौसष्ट-पासष्टची झाली आहे, पोटऱ्या अजून तशाच. तिने चष्मा काढला.

"बाई, मी उपवास धरला नव्हता."

मग ताट का परत केलंस, मी विचारलं.

"तुमचा तास भरला तेव्हा सूर्य बुडाला होता."

मला समजायला वेळ लागला. ती शांतपणे सांगत गेली. सहा वाजता ताट आलं तेव्हा ऊन सोप्याच्या पायरीवर होतं. ती ताटाकडे नाही, त्या उन्हाकडे बघत होती. सकाळी सूर्य उगवायच्या आत आम्ही नदीवर होतो, त्यानंतर माझी बंदी होती. बिद्रीला पुन्हा तास भरला नव्हता. बाकी तिघी मावशीच्या विहिरीवर तोंड धुता धुता पोटभर पाणी प्याल्या होत्या, आणि माझी चेन उतरली तेव्हा बिद्रीच्या पुढच्या गुऱ्हाळात रसही. शैलाने तिच्या हातात पेला कोंबला होता: "घे गं, बाई काय पोटात शिरून बघत्यात व्हय?" विमलने घेतला नाही. शिफारस हवी होती.

मी म्हटलं, अडतीवर मी उपवास म्हणाले तेव्हा तरी बोलायचंस. ती म्हणाली, "चारचौघांत बाईंना खोटं कसं पाडायचं?"

तेव्हापासून मी गोंधळले आहे. वहीत पाच पंचवीस आहे, म्हणजे तास सहा पंचवीसला भरला. जानेवारीत आपल्याकडे सूर्य त्याच सुमाराला बुडतो. पाच-दहा मिनिटांचाच फरक असणार. मग तिला कुणी पाडलं? माझ्या नियमाने म्हणावं तर तिघी नियमात असूनही पोचल्या, असं मी समजत होते. पण त्या नियमात नव्हत्याच. नियम एकटीने पाळला आणि ती पडली, मोडला त्या पोचल्या, आणि मी त्यांच्या तब्येतीचं श्रेय नियमाला देऊन ठेवलं. तिच्या घरच्या रिवाजाने म्हणावं तर तो रिवाज ती जन्मभर पाळते आहे आणि या वयात आठवड्याला पन्नास किलोमीटर सायकल मारते. सहा वाजता तिने सांगितलं असतं तर मी ताट ठेवून घेतलं असतं का? मला हो म्हणायचं आहे. पण मी तेव्हाची मला ओळखते, आणि हो म्हणता येत नाही. ज्यांना मी नंतर घरी ठेवलं त्या मुलींचं काय, याचं उत्तर तर वहीत कुठेच नाही.

तिला विचारलं, राग नाही आला कधी? ती म्हणाली, आला की, खूप वर्षं आला. मग सूनबाई पळायला लागली, तिला शिकवावं लागलं, त्यात गेला. हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, तेही मला ठरवता येत नाही.

तुमच्या फेरीसाठी एवढं पक्कं सांगते. प्रत्येकीच्या सायकलला स्वतःची बाटली. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, तहान नसली तरी. मुरगूडला पाचच्या आत पोचा, आणि जिचं जेवण सूर्याबरोबर आहे तिचं ताट सगळ्यांत आधी. कोण काय खातं, कधी खातं, हे निघण्यापूर्वी विचारा. विचारण्यात अपमान नसतो.

विमलला काल संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी दिलं ते असं:

फेरीची वही, एक. तीत 'उपवास' दोन ठिकाणी खोडून 'मुरगूडला मी ताट परत पाठवलं' असं लिहिलं आहे, खाली माझी सही.

पितळी शिट्टी, एक.

स्टॉपवॉच, एक. चालू आहे.

लष्करी पाण्याची बाटली, एक. बूच नवीन. पाणी गाळून, उकळून, भरून दिली.