अकरावं भोक

परवा कपाट आवरताना नेमबाजीचा जुना पुठ्ठा हाती आला. शाळेत असताना एकदा ऐन थंडीत बाबा आम्हा दोघा भावंडांना घोडबंदर रोडवरच्या एअर रायफल शिबिराला घेऊन गेलेले. दोन्ही दिवस ते धाकटीच्याच मागे उभे, "श्वास सोड, मग हळूच दाब गं," आणि तिचा प्रत्येक छर्रा मधोमध. माझा नुसता जळफळाट. शेवटच्या फेरीत तिने चुकून शेजारच्या, म्हणजे माझ्याच पुठ्ठ्यावर नेम धरला, तोही बरोबर मध्यावर लागला. "अरे वा, तुलाही जमलं की रे!" म्हणत बाबांनी पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली. मी काहीच बोललो नाही. छर्रे प्रत्येकी दहाच मिळालेले आणि माझ्या पुठ्ठ्यावर भोकं अकरा. बहिणीने ती मोजली, माझ्याकडे बघितलं आणि तीही गप्प बसली. तिच्या नेमाचा हेवा केव्हाच विरला. त्या गप्प बसण्याचा अजून वाटतो.