रक्त दिल्याशिवाय ताट नाही

आमचे वडील, म्हणजे आप्पा, गळ्याच्या गाठीने गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तंबाखूला शिव्या घातल्या. निपाणीची तंबाखू त्यांच्या खिशात कायम असायची, त्यामुळे गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही. घरात तंबाखूबंदी झाली आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या गळ्याला तशीच गाठ आली. आक्काने जन्मात मशेरीसुद्धा लावली नव्हती. तिचं ऑपरेशन करणाऱ्या बेळगावच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की तिचा हा थायरॉईडचा कॅन्सर घराण्यातून आलेला आहे, आप्पांचाही बहुधा तोच असावा. या एका गुन्ह्यातून तंबाखू निर्दोष सुटली.

डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांची तपासणी करा, आधी पोरांची. ज्याच्यात हा दोष निघेल त्याची थायरॉईडची ग्रंथी रोग सुरू होण्याआधीच काढून टाकता येते. पण आमच्या घराण्याचं एवढं मोठं खटलं गोळा करणार कसं? एक लोंढ्याला, दोन गोव्यात, बाकीचे खानापूरच्या खेड्यांत. फोनवर सगळे ‘व्हय, येतो की’ म्हणायचे आणि दवाखान्याकडे कुणी फिरकायचं नाही. तेवढ्यात बऱ्याच वर्षांनी गावच्या लक्ष्मीची यात्रा आली. यात्रेच्या जेवणाला आमच्या लोकांना दोनदा बोलवावं लागत नाही. आक्का डॉक्टरांच्या मागे लागली आणि जेवणाच्या दिवशी दवाखान्याचा माणूस सुया-बाटल्या घेऊन आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसला. आक्का पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“रक्त दिल्याशिवाय ताट न्हाय,” तिने जाहीर केलं.

आत मटणाचा रस्सा उकळत होता. वासाने कासावीस झालेले पाहुणे मुकाट ओळीत बसले. दोन जावयांनीही बाह्या सरसावल्या. तुमचं रक्त नको, असं सांगितल्यावर ते जरा नाराजच झाले. माझी पाच वर्षांची लेक झोपेतसुद्धा बडबडणारी. तिने हात पुढे केला, तोंड वाकडं केलं आणि एवढ्या रक्ताचं तुम्ही करता काय, तुमचं जेवण झालं का, असं त्या माणसालाच विचारत बसली.

महिन्याभराने रिपोर्ट आले. बहुतेक सगळे सुटले. सापडलो मी आणि माझी लेक. माझं मला फारसं काही वाटलं नाही, पण हे मीच तिला दिलं, या विचाराने आतून पिळवटून निघालो.

लेकीचं ऑपरेशन आधी करायचं ठरलं, पण माझ्या आईला ते काही पटेना. धडधाकट पोरीच्या मानेला सुरी लावणारा बाप तिने पाहिला नव्हता म्हणे. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. शेवटी आक्काच तिच्यासमोर बसली.

“आई, आप्पांना कुणी सांगितलंच न्हाय. मला कळलं ते उशिरा. हिला येळंवर कळलंय. असलं नशीब आपल्या घरात पहिल्यांदाच आलंय, ते परत धाडू नको.”

आईने डोळे पुसले आणि नातीची पिशवी भरायला घेतली.

डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच सांगितली होती. आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच जाते. आम्ही जपून करू, पण तुम्हाला माहीत असावं. झालं, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. ‘जरा गप बस गं’ हे माझं रोजचं वाक्य बंद पडलं. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे फाटकात गाडी थांबवून मी तिची सगळी बडबड ऐकायचो, अगदी फाटक उघडून मागचे हॉर्न वाजवेपर्यंत.

ऑपरेशन झालं. तिला बाहेर आणलं तेव्हा गळ्याला पांढरी पट्टी होती. तिने डोळे उघडले, आमच्याकडे एकेक करून पाहिलं. आवाज नाही. ओठ हलले, तरी आवाज नाही. माझा जीव टांगणीला लागला. मग तिला आक्का दिसली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“आत्या, रक्त दिलं,” ती म्हणाली. आवाज थोडा बसलेला, पण तिचाच. “गळा बी दिला. आता ताट वाढ की.”

नर्स हसायला लागली. मी मात्र सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

तिच्या ग्रंथीत रोग अजून सुरूच झालेला नव्हता. ती बरी झाल्यावर माझाही नंबर लागला. माझ्यात सुरू झाला होता, पण पसरण्याआधीच सापडला. आता रोज सकाळी आम्ही बापलेक काढलेल्या ग्रंथीऐवजी लागणारी गोळी उपाशीपोटी घेतो आणि नाश्त्याची वाट बघत कट्ट्यावर बसतो. तेवढ्या वेळात तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो. आतून आई ओरडते, त्या पोरीला जरा गप कर म्हणून.

मी करत नाही.