कोऱ्या कागदांवरचे अंगठे

चिंचवडच्या एका कॉलेजात भीमराज प्रयोगशाळेचा शिपाई होता, पण वस्तीत त्याचा रुबाब साहेबाचा. रेशनकार्डाचा अर्ज असो की शाळेचा दाखला, भीमराजने कागद पुढे करायचा आणि बायकांनी न विचारता अंगठा उठवायचा, अशी रीतच पडली होती. त्याचा त्याला केवढा तोरा!

१९७९ साली कॉलेजने फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, धुळीने फुप्फुसांचं काय होतं याचा अभ्यास काढला. कामगार वस्तीतलेच, तेव्हा त्यांच्या संमतीचं काम साहजिकच भीमराजकडे आलं. संमतीपत्राचा मजकूर अजून टाईप व्हायचा होता, पण थांबेल तो भीमराज कसला? एका दुपारात त्याने चाळीस कोऱ्या कागदांवर अंगठे घेतले. "दवाखान्याची माणसं रक्त तपासायला येतील," एवढंच सांगितलं. मजकूर मागाहून त्याच कागदांवर टाईप झाला. वर शाबासकीही मिळवली.

दोन वर्षांनी सुमनबाई नावाच्या प्राध्यापिका आल्या. माणसांवरच्या संशोधनासाठी त्यांनी समिती नेमली, नियम लिहून काढले. पहिल्याच बैठकीत जुने कागद चाळताना त्यांनी विचारलं, "हे यांना कुणी वाचून दाखवलं?"

भीमराज चहाचे कप ठेवत होता. "कुणीच नाही, बाई. अंगठे आधी घेतले मी."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता घरोघर जाऊन वाचून दाखवा. ज्यांना नको असेल त्यांची नावं काढू."

पहिलं घर गिरजाआत्याचं. फौंड्रीत वाळू चाळून चाळून खोकल्याने ती पार वाळली होती. कागद दिसताच तिने त्याच्या हातातल्या शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

"आधी ऐक, आत्या," म्हणत भीमराजने वाचलं, "रक्त फक्त अभ्यासासाठी घेतलं जाईल. यात औषधोपचार होणार नाही."

"म्हंजी?" गिरजाआत्याचा हात तसाच राहिला. "तीन डाव रगत दिलं म्या. वाटलं, खोकल्याचा इलाज चाललाय. म्हनून दोन वर्सं दुसऱ्या दवाखान्याची पायरी न्हाई चढले."

भीमराजला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"इचारलं आसतंस तर तसंबी दिलं आसतं रं, भीमा," ती म्हणाली. शाईचा अंगठा तिने पदराला पुसला आणि उंबऱ्यावर बसली. "आता वाच समदं. पयल्यापासनं."