उसनं परत मागताना

आमच्या दवाखान्यात एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात सामान उसनं जायचं, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. सलाईनचे सेट, हातमोजे, बारीक सुया. एखादी मावशी यायची, "सिस्टर, दोन सेट द्या नं, आमच्यातले सरले," म्हणायची आणि आपण द्यायचं. लिहायचं नाही, आणि परत तर मुळीच मागायचं नाही. मागणारी कंजूष ठरायची.

मी लहान मुलांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. आमचा वॉर्ड स्टोअरला लागून, आणि स्टोअर संध्याकाळी बंद व्हायचं. त्यानंतर अख्खा दवाखाना आमच्याच कपाटावर चालायचा. ते मला कधी खुपलं नाही. पण यंदा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी वॉर्डवार खर्च काढायला लावला आणि आमचा वॉर्ड सगळ्यांत उधळा निघाला. खर्च आटोक्यात येत नसेल तर रात्रपाळीची दुसरी सिस्टर कमी करू, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं.

ती दुसरी सिस्टर कंत्राटावरची, सेलूहून बसने येणारी. हात इतका हलका की रडून लाल झालेल्या बाळाचीही शीर पहिल्याच सुईत सापडायची. तिची नोकरी जाणार हे तर होतंच; पण भरलेल्या वॉर्डात रात्री एकटी बाई काय काय बघणार? एका पोराला झटके येत असताना दुसऱ्याचा ऑक्सिजन कोण सांभाळणार? माझं डोकं सणकलं. हातापाया पडून काही होणार नव्हतं. साहेबांना आकडे कळतात ना, मग आकड्यांतच भांडू, असं मी ठरवलं.

महिनाभर सामान देत राहिले, पण कोणत्या वॉर्डात काय गेलं ते लिहीत गेले. मग भर दुपारी एकेका इन्चार्जकडे जाऊन सही मागितली. बाकीच्यांनी तोंड वाकडं करत केली. सर्वांत जास्त सामान गेलं होतं सर्जरी वॉर्डात. तिथली इन्चार्ज पुलगावची, नर्सिंगच्या होस्टेलात माझ्याच खोलीत राहिलेली.

"काऊन वं," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आता तू मले हिशेब मांगून राह्यली? उद्या माह्या घरच्या चहाचे पैसे देशील?"

"चहा तुह्या घरचा आहे. सेट माह्या पोराईचे आहेत. सही कर."

ती सही न करताच आत निघून गेली. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. मला ते फार लागलं. पण हटले नाही.

साहेबांनी घेतलेल्या इन्चार्ज सिस्टरांच्या बैठकीत मी सगळं मांडलं. साहेबांनी कागद उलटसुलट केले. "जास्त सामान सर्जरीत गेलं म्हणता, आणि तिथलीच सही नाही?"

 तेवढ्यात ती उठली. "खरं आहे सर. माह्याच वॉर्डात गेलं."

"मग तो खर्च तुमच्या नावावर येईल. तुमच्याकडची एक सिस्टर कमी करायची का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझी सिस्टर वाचली होती. तिथे मी गप्प बसले असते तरी मला कोणी नावं ठेवली नसती. पण मी उठले.

"सर," मी म्हणाले, "दवाखान्याचा पैसा जास्त गेलाच नाही. सामान तेवढंच आलं, तेवढंच लागलं. सर्जरीला मंजूरच कमी होतं, म्हणून ते आमच्याकडून जायचं."

"सिस्टर, तुमचं काम झालं. तुम्ही बसा आता."

"बसते सर." मी माझी खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली. "आता सर्जरीचे आकडे काढा."