स्वतःचाच ब्लँक

आयुष्यभर मी लोकांच्या गोळ्या तपासत आलो. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी क्यूसीत आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेतो. ही खोड गेटवर ठेवून घरी येता येत नाही. शिरगावची माझी बायको हे लग्नानंतर लवकरच शिकली. घरात माझं तोंड बंद असलं तर मी झोपलोय, असा सरळ हिशोब होता.

म्हणून मी बोलायचा थांबलो ते आधी तिलाच कळलं. कंपनीत ऑडिटमागून ऑडिट, माणसं कमी, डबल शिफ्ट, त्यातच गावाकडे वडील गेले. मला वाटलं, थकलोय. मग ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडत, खालच्या द्रावणाचा रंग कधी बदलतो ते बघता बघता, आपण काय बघतोय तेच विसरायला लागलो. द्रावण गुलाबीचं गर्द झालं तरी माझे थेंब चालूच. साहेबांनी शांतपणे मला बाटल्यांना लेबलं लावायला बसवलं. तिथेही चुकलो.

पालघरचे डॉक्टर म्हणाले, हे डिप्रेशन आहे. ताण फार काळ टिकला की काही जणांच्या मेंदूत बारीक सूज धरते, मन आणि आठवण दोन्ही मंदावतात, असं संशोधक मानतात. तेव्हा डिप्रेशनच्या गोळीसोबत सूज उतरवणारी एक गोळी देऊन बघू. सगळ्यांनाच लागू पडते असं नाही, आणि मनाने बंद करायची नाही. मी मान डोलावली. तेव्हा तेवढंच जमत होतं.

हळूहळू उतार पडला. एका दुपारी जेवताना मी म्हणालो, "हा पापलेट शिळा आहे." बायकोने पदराने डोळे पुसले. मासा जवळच्या दांडीच्या किनाऱ्यावरून सकाळीच आला होता, पण तिने वाद घातला नाही.

इथे गप्प बसावं, तर नाही. माझ्यातला उंटावरचा शहाणा जागा झाला. हा गुण गोळ्यांचाच कशावरून? कंपनीतून रजाही मिळाली होती, झोपही मिळत होती. आमच्या कामात ब्लँक घेतल्याशिवाय निकाल धरत नाहीत: सगळं तसंच करायचं, फक्त नमुना घालायचा नाही. मी स्वतःचाच ब्लँक घ्यायचं ठरवलं. दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की निकाल बिघडतो. एवढी शास्त्रशुद्ध अक्कल शाबूत होती.

ब्लँक झकास आला. आधी चक्कर, मग चिडचिड, मग मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायला लागलो. आमटी रोज कालच्यापेक्षा खारट लागत होती. गोळ्या सोडल्याने जीभ बिघडली असणार, असं मी मनाशी ठरवलं आणि खात राहिलो.

चादर बदलताना बायकोला गादीखाली न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. मी तिला ब्लँक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे गोळी लागू पडत होती ना तुमाला?"

"हो. आता सिद्ध झालं."

"आनि आमाला वाटलं, गोळी पन हरली. आता पुढं काय इलाज नाय." ती पलंगाच्या कडेला बसली. "रोज आमटीत मीठ वाढवत होते. वाटायचं, आज तरी वरडतील. तुमी गुमान खात होता."

माझी जीभ मुळीच बिघडली नव्हती. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पालघरला नेलं. डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं आणि कमी डोसपासून पुन्हा सुरुवात केली. परत येताना बोईसर स्टेशनला उतरून दोघं घराकडे चालत होतो, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की आमटी एकाच पातेल्यात होत होती. इतके दिवस तीही तेच जेवत होती.