भरीतवाल्या आबांचा खुनी

जळगावात आमच्या चौकात वांगी भाजणाऱ्या आबांना पिच्चरचा शेवट सांगितल्याशिवाय भरीत ठेचताच येत नाही. राजकीय कटाचा एक जुना पिच्चर नव्याने बनून येतोय म्हटल्यावर त्यांनी थेट धुळ्यापर्यंत सगळ्यांना बजावलं, "मुख्यमंत्रीले त्याना पीएच मारस. हाऊ मना शब्द शे!" आबांच्या शब्दावर आमच्याकडे भांडणं मिटतात, सोयरिकी जुळतात.

नव्या पिच्चरमध्ये मात्र पीए निर्दोष सुटला आणि खुनी निघाली मुख्यमंत्र्याची बायको. अख्खा चौक आबांच्या भरिताच्या गाडीवर धावून आला. "आबा, तुमना खुनी ते सुटी गया! आते तुमना शब्दवर कोन विश्वास ठेवी?"

आबांच्या विस्तवावरच्या वांग्याचा कोळसा झाला. धूर म्हणे नशिराबादहून दिसला. ते तडक टॉकीजात गेले, पिच्चर बघून आले आणि गाडीवर शांतपणे कांद्याची पात चिरत म्हणाले, "खुनी तोच शे. त्यानी वर सेटिंग लावी आनी पिच्चरमाईन सोतानं नाव काढी लिधं."

"तरीच!" असं सगळ्यांत आधी मीच ओरडलो.

आता वाद एवढाच उरलाय, की पिच्चर तिसऱ्यांदा निघेल तेव्हा तो पीए आमदार झालेला असेल की थेट मंत्री.