जात्याचा खुंटा आणि ओरिजिनल गिअर

आमच्या जीपच्या आत कंपनीचं म्हणावं असं काहीही उरलं नव्हतं, आणि ते परत आणायची अक्कल घरात फक्त मला सुचली.

बाबा मास्तर. उटनूरकडच्या जंगलातल्या शाळांवर त्यांनी याच जीपने नोकरी काढली. तिथल्या रस्त्यांनी गाडीचं सामान एकेक करून गिळलं आणि आईने ते घरातून भरलं. गिअरची मूठ पडली, तेव्हा चक्कीमुळे बेकार झालेल्या जात्याचा खुंटा ठोकला. सीट फाटली, तेव्हा आमच्याच वावरातला कापूस भरून वर शाळेच्या गणवेशाचं निळं कापड शिवलं. स्पीड दाखवणाऱ्या काट्याच्या जागी पावडरच्या डब्याचं झाकण! (ते गोल असल्याने कायम शून्य दाखवायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.)

पुढे बाबांचे डोळे अधू झाले. गाडी चालवणं सुटलं, पण वांकिडीच्या घरी अंगणात उभ्या असलेल्या जीपमध्ये ते रोज संध्याकाळी चढून बसत, खुंट्यावर हात ठेवत आणि चहा तिथेच मागवत. तेवढा अर्धा तास ते पुन्हा मास्तर असत.

बाबा आठ दिवस आत्याकडे राजुऱ्याला गेले आणि मी डाव साधला. चंद्रपूरहून सामान आणलं. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "एकदम ओरिजिनल, साहब!"

"राहू दे न बापा," आई म्हणाली. "काऊन हात लावतं त्याले?"

"आई, तुले नाही समजत यातलं!"

काळी चकचकीत सीट बसली, गिअरला गुळगुळीत मूठ आली, काटासुद्धा आला. जुनं सामान मी मिस्त्रीला थेट उकिरड्यावर टाकायला लावलं.

बाबा आले. जीपमध्ये चढले. हात गिअरकडे गेला, थबकला, सीटवरून फिरला. मग ते हळूच खाली उतरले.

"काऊन उतरले, बाबा?"

"कोनाची गाडी हाय हे? मालकाले न इचारता बसनं बरं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा घरातच घेतला, भिंतीकडे तोंड करून. तिसऱ्या दिवशी मागितलाच नाही. आपण बाबांची गाडी नाही, बाबांची संध्याकाळच काढून फेकली, हे मला तेव्हा कळलं.

उकिरड्याकडे धावलो. साफ! भंगारवाल्याने नेलं असणार, दुसरं कोण? मग सुरू झाला उलटा शोध. ओट्यावर आईने नुकतीच एक मऊ गादी टाकून वर चादर अंथरली होती. तिच्यावर ऐसपैस बसून मी उटनूरपासून चंद्रपूरपर्यंतचे भंगारवाले फोनवर पालथे घातले.

"भाई, पुरानी जीप की सीट आयी क्या? नीला कपडा, अंदर कापूस?"

"कापूस? साब, सीट होना की रजाई?"

उटनूरच्या भंगारवाल्याने तर ऐकूनही घेतलं नाही. "लेदु साब, लेदु!" असं तेलुगूत 'नाही' सांगून फोनच ठेवला.

त्यात आईला नेमकी आताच, इतक्या वर्षांनी, जात्यावर तुरीची डाळ भरडायची हुक्की आलेली. घरात नुसती घरघर!

"आई, ते जातं थांबव न! कामाचा फोन हाय!"

आई बिचारी थांबायची. फोन ठेवला की पुन्हा घरघर.

चौथ्या संध्याकाळी मी हरलो. गादीवर बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, बाबाचा तो खुंटा भंगारात गेला वं. माह्यामुळं."

"कोन्ता खुंटा?" आईने जात्यातून खुंटा उपटला आणि माझ्यापुढे धरला. "हा?"

"हा इथं कसा?"

"उकिरड्यावरून आनला. चांगली वस्तू कोन टाकते?"

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू मले इचारलं का? चंद्रपूरले इचारलं, उटनूरले इचारलं!"

"अन् सीट?"

आईने खुंटा माझ्या हातात दिला. मग एवढंच म्हणाली, "ऊठ."

उठलो. चादर सरकवली. खाली निळं कापड!

त्याच संध्याकाळी सगळं जागच्या जागी गेलं, आईने जपून ठेवलेलं पावडरच्या डब्याचं झाकणसुद्धा. बाबा जीपमध्ये चढले. डाळीच्या चुरीने माखलेल्या खुंट्यावर त्यांनी हात ठेवला आणि चेहरा खुलला.

"आली का आपली गाडी?" त्यांनी आईला विचारलं. "कोन्त्या येड्यानं नेली होती वं?"

तो येडा मुकाट्याने चहा आणायला आत गेला.